थांबण्याची पाटी

मी एक जुना थ्रेड आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडक्या उघडणारा जो मोठा प्रोग्रॅम असतो, त्याच्या पोटात राहणारा मी एक कामकरी. तुम्ही माउस हलवला की ती बातमी धावत पडद्यापर्यंत न्यायची, एवढंच माझं काम. बाण अडकला की शिव्या मात्र बिचाऱ्या माउसला!

देशोदेशीच्या पुष्कळ जणांनी मिळून मला लिहिलं. त्यांतली एक प्लोव्दिव्ह शहरातली रादोस्तिना. तिच्याच आईवडिलांच्या घरी माझं आयुष्य गेलं. आई झिव्काबाई शाळेत भूगोल शिकवायच्या, जिभेला भारी धार. पुढे आजारपणात त्यांची वाचा गेली. पडद्यावरची अक्षरं माउसने निवडायची, मग कॉम्प्युटर ती बोलून दाखवायचा. त्यांचा शब्द न् शब्द माझ्या हातून जायचा. केवढा मान होता तो!

पण एक खोट होती. पडदा विश्रांतीला गेला की मोठा प्रोग्रॅम माझ्यापुढे ‘थांब’ अशी पाटी लावायचा. पडदा जागा झाला की मला हाक मारायचा आणि मग सावकाश ती पाटी काढायचा. मी आपला आज्ञाधारक! उठलो, पाटी वाचली की पुन्हा झोपलो. पाटी निघाल्यावर दुसरी हाक काही यायची नाही. बाण ढिम्म हलेना.

रादोस्तिनाचे वडील मेतोदीबाबा मग सगळंच बंद करून चालू करायचे. तोवर जेवणाच्या टेबलावरचं बोलणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं. हळूहळू झिव्काबाईंनी पडद्याकडे बघणंच सोडलं. त्या घरात असूनही नसल्यासारख्या झाल्या, आणि मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी रादोस्तिना आली.

“ये बाई! तुझा प्रोग्रॅम तुझ्यावरच गेलाय. दहा हाका मारल्याशिवाय उठत नाही,” मेतोदीबाबा म्हणाले.

“बाबा, माउस बदलून पाहिलास?”

“ड्रॉवर भरलाय माउसांनी!”

तिने माझ्यावर पहारा बसवला. मी जे जे करीन त्याची नोंद व्हावी म्हणून. आणि काय गंमत, मी झोपेचना!

“अरे लबाडा, मी बघतेय म्हणून शहाणा झालास होय?” ती म्हणाली.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई गं, नोंद करण्यात वेळ जातो, तेवढ्यात पाटी निघते! तिलाही थोडंफार उमगलं. पहारा काढून तिने मला हाक मारण्याआधी जराशी उसंत घातली. “झालं काम!” म्हणून ती जेवायला बसली.

मेतोदीबाबांनी गरम बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची खारी पोळी, वाढली. झिव्काबाईंनी एक घास खाल्ला आणि काहीतरी सांगायला माउसवर हात ठेवला. पण यंत्र जुनं, त्या दिवशी जरा जास्तच रेंगाळलं. उसंत अपुरी पडली, पाटी तशीच राहिली आणि मी पुन्हा झोपलो. झिव्काबाईंनी हात मांडीवर घेतला. ताटली दूर सारली.

रादोस्तिनाने ते पाहिलं आणि काटा खाली ठेवला. “आई, उठू नकोस. उसंतीचा खेळ बास. क्रमच बदलते.”

तिने लिहिलं: आधी पाटी काढायची, निघाली याची खात्री करायची, मगच याला हाक मारायची. आणि झोपवतानाही, हा “झालं माझं” म्हणेपर्यंत पडद्याचे दिवे घालवायचे नाहीत.

“एवढंच?” मेतोदीबाबा.

“एवढंच, बाबा. पण मला दिसायला हवं होतं ना!”

पडदा झोपवला, उठवला. मी डोळे उघडले, तर समोर पाटी नाही! असा धावलो म्हणून सांगू! अक्षरामागून अक्षर पोचवलं. यंत्र बोललं, “मेतोदी, बानित्सेत मीठ नाही. मागच्या रविवारीही नव्हतं.”

मेतोदीबाबा मीठ आणायला उठले आणि मिठाचं भांडं हातात धरून तिथेच रडले.

मित्रांनो, रादोस्तिनाचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही कुणाला थांबवलंत तर त्याच्या हातचं काम पुरं होऊ द्या, आणि पुन्हा बोलावताना त्याच्यापुढची जुनी मनाई आधी काढा. झिव्काबाई हल्ली दिवसभर बोलतात. मी पार दमून जातो, पण त्यांना कुणी गप्प बसवू नका.