खंगरातला वाटा

"हात नका लावू हं काका, अजून मोजमाप व्हायचंय," संशोधक बाई म्हणाल्या आणि मिस्त्रीने हात मागे घेतला. ज्या माळावर त्याने चाळीस वर्षं विटा भाजल्या, तिथे त्याला खंगराला शिवायची बंदी!

खंगर म्हणजे आच जास्त झाल्यामुळे वितळून एकमेकींना चिकटलेल्या विटांचा काळानिळा गोळा. हा तर बसलेल्या बैलाएवढा होता. दोरी लावून आखलेल्या चौकोनात दोन मुली त्याला मऊ ब्रशने पुसत होत्या. इतक्या मायेने तापातसुद्धा मिस्त्रीचं कपाळ कुणी पुसलं नव्हतं.

आणि हा पराक्रम कुणाचा? साडूचा. तो घडीच्या खुर्चीत, छत्रीच्या सावलीत बसून तिसऱ्यांदा सांगत होता, "वारा फिरला हो बाई एकाएकी. मी एकटा. झुंजलोच म्हणा ना आगीशी."

"झुंजला म्हणे," मिस्त्री पुटपुटला. "घोरत होता."

भरदुपारी भट्टीशेजारी साडूला डुलकी लागली होती, हे अख्ख्या सासुरवाडीला ठाऊक होतं. ठाऊक राहील याची काळजी मिस्त्रीनेच घेतली होती. बत्तीस वर्षं घरात कुठलंही कार्य असो, पंगतीत तो विचारायचा, "काय साडूभाऊ, झोप झाली का?" आणि सगळे हसायचे. मिस्त्रीची स्वतःची भट्टी एकदाही बिघडली नव्हती. मिरवायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

"बाई, माझ्या भट्ट्या ओढ्याकडे होत्या. तिथं नाही खणलं?"

"खणलं की. भाजलेली लाल माती लागली, जराशी राख. बाकी काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"चांगल्या विटा लोक घेऊन जातात ना, काका. मागे उरतं ते कुणाला नको असलेलं, आणि आम्हाला सापडतं तेवढंच." बाई समजुतीने हसल्या. "तुमचं काम फारच चांगलं असणार."

भाताच्या घासात खडा लागावा तसं ते कौतुक मिस्त्रीला लागलं.

खंगर संग्रहालयात जाणार होता. शेजारी पाटी, पाटीवर साडूचं नाव आणि फोटो. फोटोसाठी साडू नवाकोरा सदरा घालून आला होता. तो बघून मिस्त्रीची बायको म्हणाली, "भावोजी, शोभताय हं!"

ती मिस्त्रीला असं कधी म्हणाली होती? त्याने आठवून पाहिलं. आठवेना.

"त्या दिवशी भट्टीवर आणखी कोण होतं?" बाईंनी वही उघडली.

साडूने तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाला, "मी."

बायकोने गर्रकन मान वळवली. "अहो, तुम्ही तर तेव्हा माझ्या माहेरी—"

"तू गप गं. मी होतो. लाकडं जास्त मीच घातली. हा नको नको म्हणत होता."

साडू बघतच राहिला. बत्तीस वर्षांचं उट्टं काढायला एवढी संधी पुरे होती. त्याने ती घेतली नाही. मिस्त्रीकडे नीट पाहून तो हळूच म्हणाला, "होता हो. लिहा बाई. दोघं होतो आम्ही."

त्या हळू बोलण्याने मिस्त्री आणखीच पेटला.

"म्हणजे तुमच्याही भट्ट्या बिघडायच्या तर?" लिहिता लिहिता बाईंनी विचारलं.

"याची ही एकच," मिस्त्री म्हणाला. "माझ्या तीन-चार."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

त्याच्या प्रत्येक भट्टीची पहिली वीट बोटांनी वाजवून, कानाशी धरून, "खणखणीत आहे" असं सांगणारी त्याची बायको ओढ्याकडे निघाली. तिथे माणसं खणलेल्या खड्ड्यात फावड्याने माती परत लोटत होती. खड्डा बुजून जमीन सपाट होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.