प्रकरण संपायला नऊ मिनिटं

अश्विनीला जेवायला हाक मारली की ती ओसरीवरून आकडा सांगायची. "आई, चार मिनिटं!" कधी सहा, कधी अकरा. आणि तेवढ्या वेळात हात धुऊन ताटावर हजर. वच्छलाबाईंना वाटायचं, पोरगी घड्याळ बघून बोलते. घड्याळ कुठलं! तिच्या हातातलं ते वाचायचं मशीनच सांगायचं. ई-रीडर त्याचं नाव, पण घरात सगळे त्याला मशीनच म्हणत. वाचणाऱ्याची चाल ओळखून ते खालच्या कोपऱ्यात लिहायचं, प्रकरण संपायला एवढी मिनिटं.

धाड गावाहून बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवायला जाताना एसटीत, येताना एसटीत, पोरगी वाचत असायची. विकणारा सांगतो त्याच्या दुप्पट गमती या मशीनच्या पोटात दडलेल्या असतात, असं ती म्हणायची आणि एकेक शोधून आईला दाखवायची. अक्षर जोंधळ्याएवढं कसं करायचं. अडलेल्या शब्दावर बोट दाबून अर्थ कसा काढायचा. कोपऱ्यावर टिचकी मारली की पानाच्या आकड्याऐवजी मिनिटं कशी येतात. "माह्या चालीनं मोजते ते," ती म्हणाली होती. "तू वाचशील तर दिवस मोजील!" आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

मग कावीळ झाली. अंगावर काढली, तीही मास्तरकीच्या हौसेनं. परीक्षा तोंडावर होत्या. दवाखान्यात खाटेवरसुद्धा मशीन उशाशी होतं. लगीन ठरत आलेली, हातातोंडाशी आलेली लेक चार दिवसांत गेली. देवाच्या दारी न्याय असेल तर असो, त्या घरानं तो पाहिला नाही.

बाप, पंजाबराव, तसेही बोलण्यात काटकसरी. त्यानंतर तर त्यांनी तोंडाला कुलूपच लावलं. शेतातून यायचे, ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे. वच्छलाबाई रडल्या की उठून गोठ्यात जायचे.

तेरावं झालं आणि वच्छलाबाईंनी मशीन हातात घेतलं. अश्विनीनं वाचून संपवलेलं एक पुस्तक उघडलं. कोपऱ्यात आलं, प्रकरण संपायला अकरा मिनिटं. पोरगी गेली, पण तिची चाल इथं होती. सातवी शिकलेल्या वच्छलाबाई ओठ हलवत, ओळीखाली बोट धरत वाचायला बसल्या. अकरा मिनिटांत त्यांची दोन पानंही होईनात. पण रोज तो आकडा बघायचा, त्याच्या मागे धावायचं आणि दमून मागे पडायचं, यात त्यांना सुख वाटू लागलं. लेक पुढं चालली आहे आणि आई मागून येते आहे, एवढंच.

एकच गोष्ट त्यांना सहन होईना. चूल बघायला उठलं की मशीन आपोआप झोपायचं. आता त्यांच्या सासूबाईंची शिस्त अशी, की पोथीचा अध्याय अर्ध्यात असताना पोथी मिटायची नाही. उठावंच लागलं तर उघडी ठेवून उठायचं. चाळीस वर्षं पाळलेली शिस्त मशीन आलं म्हणून सुटते होय? शिवाय डोळ्यांदेखत काही विझणं त्यांना आता बघवत नव्हतं.

वच्छलाबाई बाजारात अकीलच्या दुकानी गेल्या. अकील मोबाइल दुरुस्त करायचा. अश्विनीच्या शाळेतला, तिच्याच वर्गातला.

"अकील, हे झोपू नये असं करता येते का रे बाबा?"

"येते काकू. आतली गंमत हाय ते, कोनाले माहीत नसते." त्यानं शोधायच्या चौकटीत काहीतरी आडनिडी अक्षरं टाकली. "घ्या. आता जागंच राहीन."

मशीन जागं राहिलं. भाकरी होईपर्यंत, म्हशीला पाणी पाजून येईपर्यंत पान उघडं राहायचं. वच्छलाबाई समाधानानं परत यायच्या, पानाला हात लावून कपाळाला लावायच्या आणि पुढं वाचायच्या.

आठवडाभरात आकडा बिघडला. अकराच्या जागी पाऊण तास दिसू लागलं. मग दीड तास. एके दिवशी नव्या प्रकरणावर आलं, दोन तास वीस मिनिटं. वच्छलाबाई पदर खोचायचाही विसरल्या आणि तशाच अकीलकडे गेल्या.

"बिघडलं रे हे. तिचा आकडा दाखवत नाही."

अकीलनं मशीन पाहिलं, त्यांना चार प्रश्न विचारले आणि मान खाली घातली. "बिघडलं नाही काकू. आधी ते दर पानाले मधीच झोपे, म्हणून तुमचं मोजत नव्हतं. आता पान उघडं ठेवून तुम्ही भाकऱ्या केल्या. त्याले वाटलं, तुम्हाले एका पानाले इतका टाइम लागते. त्यानं तुमची चाल शिकली."

"अन् तिची?"

"या पुस्तकातली गेली. मीच ते जागं राहाची सोय करून देल्ली. काऊन पायजे ते विचारलं असतं तर नसती देल्ली."

"मांगं फिरवता नाही येत?"

"सगळं पुसून कोरं करता येते. पन तिचं परत नाही येत."

आपल्याच हातानं आपण लेकीला दुसऱ्यांदा पोचवून आलो, असं वच्छलाबाईंना वाटलं आणि त्या दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडल्या. बाजार बघत होता. बघू दे. अकीलनं त्यांना पाणी दिलं, रडू दिलं आणि तोवर मशीन चाळत राहिला.

"काकू, हे एक पुस्तक तुम्ही उघडलंच नाही?"

"ते दवाखान्यातलं. तिचं अर्धं राह्यलेलं. माहा हात होत नाही."

"बरं झालं नाही झाला. दर पुस्तकाची चाल येगळी ठेवते हे. याच्यात तिचीच असीन. पाहावं वाटलं तर पाहा, पन पान उलटू नका. पान उलटलं की ते तुमचं मोजाले लागते."

जागं राहायची सोय काढून त्यानं मशीन परत दिलं.

घरी आल्यावर त्यांनी ते पुस्तक उघडलं. कोपऱ्यात होतं, प्रकरण संपायला नऊ मिनिटं. त्यांनी मशीन ओसरीवर, अश्विनी बसायची त्या जागी भिंतीला टेकवून ठेवलं आणि पंजाबरावांना सगळं सांगितलं. वच्छलाबाई आत गेल्या. भाकरी थापली, पिठलं उतरवलं, दोन ताटं वाढली.

"चला हो, जेवाले या."

कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. पंजाबराव खांब सोडून मशीनशेजारी मांडी घालून बसले होते, हात मांडीवर, कशालाही न लावता. पडदा मघाशीच झोपला होता. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "नऊ मिनिटं राह्यले तिचे. होऊ दे."

वच्छलाबाईंनी ताटं झाकली आणि त्याही येऊन बसल्या.