बारा वाजले

"कुलूप! फाटकाला कुलूप!" यूनुस ओरडतच दुकानात शिरला. "अब्बा, तुमचा शेख पळाला, दूर हाइल शहराला. आपले पासपोर्ट घेऊन!"

हुसेनमियाँनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

सौदीतल्या खोबरच्या अर्ध्या बाजाराने शटर ओढली होती. काल रात्री धाहरानवर इराकचं क्षेपणास्त्र आलं होतं, आज पुन्हा येणार असं जो तो सांगत होता. गफूरने कोकणातल्या माणसांसाठी जेद्द्याची बस ठरवली होती, तिथून मुंबईचं विमान. ईशाची, रात्रीची नमाज झाली की यल्ला, कुणासाठी थांबणार नाय, असं त्याने बजावलं होतं. यूनुसची बायको ताजुन्निसा आणि लेक उमामा बसमध्ये बसल्याही होत्या. चौघांचे पासपोर्ट मात्र शेख अबू राशिदच्या तिजोरीत. तो त्यांचा कफील, इथला जामीनदार. इथली रीतच ती. माणूस राबणार इकडे आणि त्याची ओळख दुसऱ्याच्या कुलपात. याची लाज कुणालाच वाटत नाही.

सकाळी शेखच्या नोकराचा फोन आला होता, "दोन वाजता या, पासपोर्ट घेऊन जा." यूनुस दुपारी दोनला गेला आणि उन्हं कलेपर्यंत त्या फाटकाशी उभा राहिला. भिकाऱ्यासारखा.

हुसेनमियाँचा गाल तापला. असा तो एकदाच तापला होता, मुंबईत.

बाणकोटचा पोरगा हुसेन तेव्हा फोर्टातल्या एका गोऱ्याच्या पेढीत लागला होता. पाटीवर सोनेरी अक्षरांत 'वॉचमेकर्स अँड ज्वेलर्स', वर साहेबाचं नाव. घड्याळं उघडणारे, हिरे बसवणारे हात सगळे काळे, आणि ते पडद्यामागे. गिऱ्हाइकाला दिसता कामा नयेत! त्या काळी मुंबईत वेळाही दोन होत्या. एक सरकारची, रेल्वेची. दुसरी मुंबईची, अर्ध्या तासाहून जास्त मागे. शहराने ती हट्टाने धरून ठेवली होती. हुसेनने एका साहेबाचं घड्याळ मुंबईच्या वेळेवर लावून दिलं आणि साहेबाची दिल्लीची गाडी चुकली. मालकाने सगळ्यांदेखत थोबाडीत मारून त्याला रस्त्यावर काढलं.

हुसेन गलबतात बसला. बहारीनला मोती ओवले, मग तेल कंपनीच्या छावणीमागोमाग खोबरला आला. अमेरिकन मडमांच्या सोनसाखळ्या जोडल्या, अरबांची घड्याळं चालती केली, दुकान उभं केलं. पाटीवर नाव? शेखचं. दुसरं कुणाचं असणार?

"खलास!" यूनुसने टेबलावर हात आपटला. "आपले बारा वाजले, अब्बा!"

नेमकी तेव्हाच मशिदीतून मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली.

हुसेनमियाँ इतके ताडकन उठले की स्टूल आडवं झालं. "काय म्हणालास?"

"बारा वाजले, म्हटलं."

"अरे गाढवा, वाजलेच बारा! आत्ता वाजले!"

यूनुसला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"जुने अरब सूर्य बुडाला की घड्याळ बारावर आणायचे. मग एक, मग दोन. दुनियेने सोडलं, पण अबू राशिदने नाय सोडलं. त्याचं चांदीचं घड्याळ मगरिबला मीच लावायचो की रे! त्याचे गुडघे गेले, त्याचं येणं थांबलं, नि मी विसरलो. तेव्हा साहेबाला मुंबईची वेळ दिली, आता या अरबाला साहेबाची!"

"म्हणजे त्याचे दोन..."

"अजून दोन तासांनी."

"तोवर ईशा होऊन बस जाईल!"

"तू बसकडे पळ. ताजूला सांग, गाडी हलता कामा नये. कशी अडवायची ते तिला सांगावं लागत नाय. मग पिकअप घेऊन शेखच्या फाटकाशी ये."

दोन तास भरत आले. शेखच्या घराकडे जाताना हल्ल्याचा भोंगा वाजला. माणसं घरांत घुसली, हुसेनमियाँ मात्र चालतच राहिले. चप्पल तुटली, ती भिरकावली. हसूच आवरेना त्यांना.

फाटक उघडं होतं. अबू राशिद गादीवर, समोर उघडी तिजोरी, तळहातावर चांदीचं घड्याळ.

"दिवसभर मळ्यावर होतो. तू मात्र बरोबर दोनला आलास," तो म्हणाला. तीन पासपोर्ट पुढे सरकवले. चौथा गुडघ्याखाली दाबला. "ही तिघं जाऊ देत. तू राहा. माझं घड्याळ कोण लावणार?"

गाल पुन्हा तापला. पण या वेळी हुसेनमियाँ खाली बसले. त्यांनी शेखचा अंगठा धरला, चावीच्या बोंडावर टेकवला.

"हे ओढ. असं फिरव," ते अरबीत म्हणाले. आणि मग मराठीत, "तुझे बारा तूच वाजव!"

त्यांनी गुडघ्याखालचा पासपोर्ट ओढून घेतला. शेखचा हात वर उठला. आभाळात काहीतरी फुटलं, काचा थरथरल्या, आणि तो हात तसाच खाली आला.

"उद्या अजान झाली की फिरवायचं?" त्याने हळूच विचारलं.

"अजान झाली की."

यूनुसने पिकअप बसपाशी आणली तेव्हा गफूर थयथयाट करत होता. "मियाँ, तुमच्या सुनेने किल्ली काढून घेतलीय! देत नाय!"

ताजुन्निसा पायरीवर पाय रोवून उभी होती, मूठ घट्ट. "सासरे चढले की देते. बोंबल हवं तेवढं."

"दादा, आप की चप्पल?" उमामा खिडकीतून आजोबांकडे बघत ओरडली.

"ईशा कधीच झाली!" गफूर किंचाळला. "वाजले किती ते तरी बघा!"

हुसेनमियाँ अनवाणीच बसमध्ये चढले, चारही पासपोर्ट त्याच्या नाकासमोर नाचवले.

"कुणाच्या घड्याळात, गफूर?"