नाकं असलेले शिपाई

डर्बीच्या, टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या युद्धखेळांच्या प्रदर्शनात मी केव्हाचा एकाच टेबलासमोर उभा होतो. इंग्लंडच्या यादवीतली नेझबीची लढाई मांडायला मला शिशाचे शिपाई घ्यायचे होते. सहा मिलिमीटर उंचीचे घ्यावेत की दहा, एवढंच ठरत नव्हतं. सहाचे मांडले की खरोखरची फौज दिसते, पण एकेकाचं नाक शोधावं लागतं. दहाच्यांना नाकं आहेत, पण तेवढ्याच टेबलावर फौजेची नुसती टोळी होते.

"जरा मागे व्हा," टेबलामागचा विक्रेता नेव्हिल म्हणाला. "खेळताना तिथूनच बघणार ना? आता सांगा, नाकं कुणाची दिसतात?"

"कुणाचीच नाही."

"मग सहाचेच घ्या की."

"अहो, पण रंगवताना अख्खा हिवाळा ते माझ्या डोळ्यांसमोर असणार," मी वैतागलो. "आता मी बघायचं तरी कुठून?"

माझी बायको ग्लेनिस चहाचे कप घेऊन मागे येऊन उभी राहिली होती.

"डब्याच्या झाकणावरून," ती म्हणाली. "आजवर रंगवलेली एक तरी फौज लढायला बाहेर काढलीस का? सगळ्या डब्यांत बंद, आपल्या पलंगाखाली आहेत."

नेव्हिल उगाच पाकिटं सारखी करू लागला.

"बरं," मी म्हणालो, "मग तूच सांग, पलंगाखाली कुठले जास्त मावतील?"

तिने कप खाली ठेवले आणि सहाचं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं.