नाकातलं खारं पाणी

नथ्थूचा जीव याआधी एकदा नाकानंच वाचवला होता. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा आजीनं याचं नाक टोचून त्यात नथ घातली. पोरगी समजून यमानं आल्या वाटेनं परत जावं, एवढाच त्यातला डाव. पोरगी न्यायला यमालासुद्धा कमीपणा वाटतो असं मानणारी आपली माणसं! पण पोर जगलं. पुढं नथ उतरली, नाव मात्र जन्माचं चिकटलं.

तोच नथ्थू आता चाळिशीला आला होता, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लोखंडी खाटेवर पडला होता, आणि त्याच नाकातून त्याचा जीव घ्यायची तयारी चालली होती. घेणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकट्या नथ्थूला.

पण सांगणार कसा? डोळ्यांवर पट्टी. ओठाला आणि गालाला टाके. जबडा हलू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यापर्यंत आवळलेली दुसरी पट्टी, त्यामुळे दातसुद्धा उघडत नव्हते. बेशुद्धीत त्यानं सलाइनची सुई उपटून टाकली होती, म्हणून दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्यांना बांधलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. उरले होते दोन कान, आणि ते बिचारे सगळं ऐकत होते.

त्याचं असं झालं होतं. चैत्र लागला की मोहर्लीकडच्या जंगलात मोहाची फुलं टपटप गळायला लागतात आणि माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. अस्वलालाही मोह आवडतो. हे झाड नथ्थूच्या वाट्याचं आहे हे त्याला कोण सांगणार? नथ्थू झाडाच्या अलीकडे वाकून फुलं वेचत होता, अस्वल पलीकडे तेच करत होतं, आणि दोघांनीही एकदमच मान वर केली. घाबरलेलं अस्वल पळत नाही, तोंडावर येतं. त्यानं नथ्थूला पाडलं, कपाळ आणि गाल फाडला, आणि खाली दगड होता त्यावर डोकं आपटलं ते वेगळंच. त्याची बायको शकुबाई मागच्या झाडाशी होती. तिनं पाण्याचा डबा कुऱ्हाडीच्या दांड्यानं असा बडवला आणि असं बोंबलली की अस्वल नाद सोडून निघून गेलं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं गाव म्हणालं. गावाला काय जातं म्हणायला.

शुद्ध आल्यापासून नथ्थूच्या नाकातून पाणी येत होतं. सर्दीचं पाणी त्याला ओळखीचं होतं, हे तसं नव्हतं. हे पातळ होतं, मान जरा हलली की कोमट ओघळ यायचा, आणि घशात उतरलं की खारट लागायचं. पण ओघळ वरच्या ओठापर्यंत पोचायच्या आत शकुबाईचा पदर येऊन टिपून न्यायचा. नवऱ्याला नीटनेटकं ठेवण्यात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डॉक्टर फेरीला येणार म्हटलं की ती आधी त्याचं नाक पुसायची, मग पाय पुसायची, मग चादर ओढून सरळ करायची.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर आला तेव्हा शकुबाई नळावर पाणी भरायला गेली होती. डॉक्टर तरुण होता, बोलण्यावरून तिकडचा, पुण्या-साताऱ्याकडचा. तो खाटेशी उभा राहून नर्सबाईंना म्हणाला, "नुसत्या सलाइनवर किती ठेवायचं याला? पोटात काहीतरी जायला पाहिजे. दुपारी नाकातून नळी घालू."

"हो सर."

"पण एक बघून घ्या, सिस्टर. डोक्याला मार आहे. कवटीचा तळ फुटला असला तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं. तसं असेल तर नाकाला हात लावायचा नाही. नळी पोटात जायच्या ऐवजी फटीतून वर, मेंदूत शिरते. मी शिकत होतो तेव्हा अशा एकाची फिल्म बघितलीय. कवटीत नळीचं वेटोळं. दुसऱ्या दिवशी गेला तो माणूस."

"आपलं एक्स-रे मशीन तर बंद आहे, सर."

"चालू असतं तरी असली बारीक फट दिसेलच असं नाही. पाणी गळतंय का, एवढंच आपल्या हातात आहे."

नथ्थूच्या घशातली खारट चव एकदम जड झाली. तेवढ्यात त्याला जोडव्यांचा आवाज आला. शकुबाई तांब्या घेऊन परतली होती आणि आल्या आल्या तिनं सवयीनं त्याच्या नाकावरून पदर फिरवला.

"बाई," डॉक्टरनं विचारलं, "यांच्या नाकातून पाणी येतं का? स्वच्छ, पाण्यासारखं पाणी?"

सांग शकू, नथ्थू मनात ओरडला. सांग, येते म्हनून.

"नाई जी साहेब," शकुबाई म्हणाली. "एक थेंब नाई. पाहा ना तुमी, कसं कोरडं हाये."

डॉक्टरनं वाकून पाहिलं. आत्ताच पुसलेलं नाक कोरडंच असणार. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग दुपारी."

शकुबाई खोटारडी बाई नव्हती. भाजीवाल्याकडून चार वांगी जास्त आली तर परत करणारी ती. पण गेल्या उन्हाळ्यात शेजारचा हरिदास तेंदूपत्त्याच्या ट्रकवरून पडला होता. दवाखान्यात त्याच्या कानातून काहीतरी गळताना दिसलं आणि तेव्हाच्या डॉक्टरनं त्याला नागपूरला धाडलं. हरिदास परत आला तो चादरीत गुंडाळून. तेव्हापासून गावात ठरून गेलं, की गळताना दिसलं की नागपूर, आणि नागपूर म्हटलं की खेळ खलास. आणि हे गावभर सांगत फिरणारा कोण होता? हाच, नथ्थू! हरिदासच्या मातीवरून घरी आला त्या संध्याकाळी त्यानं शकुबाईचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "मले काई झालं त नागपूरले नेऊ नको, शकू. इथीच मरू दे. घे शपथ." ती नको नको म्हणत होती, पण यानं घ्यायला लावली.

तीच शपथ आता ती पदरानं पाळत होती.

नथ्थूनं घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढला. "हूं! हूंऽऽ!"

"सिस्टर, पाहा ना कसे करून राह्यले!" शकुबाई कळवळली. "भूक लागली जी यायले. लवकर घाला ना ते नळी."

आता याला काय म्हणावं! तो गप्प राहिला असता तर नळीला उशीर तरी झाला असता. त्यानं पाय झाडले. नर्सबाईंनी पायही बांधले. त्यानं मान जोरानं डावीउजवीकडे हलवली, तर त्यांनी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिल्या आणि म्हणाल्या, "डोकं हलवायचं नाही भाऊ, तुमच्याच भल्याचं आहे." त्यानं जोरानं नाक फुरफुरवलं. ओघळ आला. पदरही आला.

नर्सबाई गेल्यावर शकुबाई त्याच्या कानाशी वाकली. "घाबरू नका जी," ती हळूच म्हणाली. "मी हाये ना. त्यायनं इचारलं, पर मी नाई सांगतलं. नागपूरचं नावच काढू देत नाई मी कोनाले. तुमची शपथ हाये माह्यावर."

नथ्थूला तिचा राग आला, असा आला की हात मोकळा असता तर त्यानं तिला एक ठेवून दिली असती. मग त्याला स्वतःचा राग आला. शपथ घालताना तोंड कसं चुरूचुरू चाललं होतं! आता ते तोंड शिवलेलं, आणि शपथ मोकळी फिरतेय. इतका एकटा तो अस्वलाच्या खालीसुद्धा नव्हता. तिथं निदान ओरडता येत होतं. पट्टीखाली त्याचे डोळे भरून आले आणि ते पाणी पट्टीतच जिरलं.

दुपार झाली. ट्रेमध्ये काहीतरी खणखणलं. डॉक्टरचे बूट आले.

"हे बघा भाऊ," डॉक्टर म्हणाला, "नाकात थोडं खुपेल. मी सांगितलं की गिळायचं. सिस्टर, नळीला जेली लावा."

नळीचं टोक डाव्या नाकपुडीला लागलं. गार आणि बुळबुळीत. नथ्थूनं उशीत डोकं खुपसायचा प्रयत्न केला. वाळूच्या पिशव्या हलल्या नाहीत.

"थांबा जी साहेब, एक मिनिट," शकुबाई मध्येच म्हणाली. "तोंड पुसून देतो यायचं. बरं नाई दिसत." डॉक्टरला तो ओघळ दिसण्याआधी तिला तो टिपायचा होता. ती त्याच्या अंगावरून वाकली, आणि पुसणाऱ्या पदराचा खाली लोंबणारा भाग नथ्थूच्या बांधलेल्या हाताच्या बोटांवर पडला. चुलीच्या धुराचा आणि मोहाचा वास आला. ते लुगडं त्यानं झोपेतही ओळखलं असतं.

त्यानं मूठ आवळली.

शकुबाई सरळ व्हायला गेली तर पदर येईना. "अवो, सोडा ना," ती म्हणाली. तिनं ओढला. नथ्थूनं आणखी घट्ट धरला. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्यानं ते कापड धरलं.

"घाबरलाय बिचारा," डॉक्टर म्हणाला. "द्या, मी सोडवतो." तो वाकून नथ्थूची बोटं एकेक करून उचलायला लागला. मग त्याचे हात थांबले.

"बाई, हा डाग कसला?"

पदराला शकुबाईकडून एक हिसका बसला.

"हा. मध्ये रक्ताचा ठिपका आणि भोवती फिकट पाण्याचं कडं. हा इथं आणखी एक. आणि हा." पदर चुरगाळल्याचा आवाज आला. "शेंबूड वाळला की कापड कडक होतं. हे सगळं मऊ आहे. सिस्टर, ती नळी बाजूला ठेवा. पिशव्या काढा. याला धरून जरा बसता करा, मान पुढे."

नथ्थूची मान पुढे झाली आणि नाकातून थेंब गळायला लागले. यावेळी पदर आला नाही. आपल्याच छातीवर पडणारे थेंब त्यानं एकेक करून मोजले.

"बाई! मी तुम्हाला सकाळी काय विचारलं होतं?" डॉक्टरचा आवाज चढला. "ही नळी याच्या मेंदूत गेली असती! माझ्या हातानं मेला असता हा, कळतंय का?"

शकुबाई मटकन खाली बसली. "मले नाई मालूम होतं जी," ती हुंदके देत म्हणाली. "मले वाटलं, पानी दिसलं का नागपूरले नेता तुमी. मीच मारून राह्यली होती यायले. मीच!"

शकू, तू नाई, असं नथ्थूला म्हणायचं होतं. घशातून पुन्हा नुसतं हूं निघालं.

पण या वेळी डॉक्टरनं ते ऐकलं. "हा नुसता कण्हत नाहीये, सिस्टर. याला सगळं कळतंय. हात सोडा याचे." नर्सबाईंनी दांड्याच्या बाजूनं गाठी सोडल्या, मनगटांना पट्ट्यांची टोकं तशीच लोंबत राहिली. डॉक्टरनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि आता तो हळू बोलला. "नथ्थूभाऊ, जबड्याची पट्टी सैल करून नळी तोंडातून घालता येईल, टाके नाहीत त्या बाजूनं. त्याची काळजी नको. पण हे पाणी थांबलं नाही तर मेंदूला जंतू लागतील, आणि त्याचा इलाज इथं नाही. नागपूरला जावं लागेल. जंगल खात्याची जीप मिळेल. जायचं असेल तर माझा हात दाबा."

"नाई म्हन्तेत ते, साहेब," खालून शकुबाई म्हणाली. "त्यायनंच शपथ घातली मले. आता मी खोटं नाई बोलून राह्यली जी. इचारा त्यायले."

नथ्थूनं हात दाबला नाही. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली. हरिदासची चादर त्याच्या डोळ्यासमोर आली, तिचा पिवळा काठसुद्धा. इथं आपली बोली होती. तिकडं मोठ्या इमारतीत कोण आपलं? तोंड शिवलेला माणूस तिथं एकटा पडला तर त्याचं हूं कोण ऐकणार?

त्यानं डॉक्टरच्या हातातून आपला हात काढून घेतला. डॉक्टरनं सुस्कारा सोडला.

मग नथ्थूचा हात खाटेच्या कडेवरून खाली उतरला, चाचपडला, शकुबाईच्या डोक्यावर आला. शपथ सोडवायला जिथं हात ठेवतात तिथं तो जरा थांबला. तिथून पदरावर घसरला. पदराचं टोक त्यानं वर ओढलं आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाला लोंबणाऱ्या पट्टीशी लावून गाठ मारायला लागला. बोटं सुजलेली, डोळे बांधलेले. गाठ दोनदा सुटली. कोणी मदत केली नाही. तिसऱ्यांदा बसली. मग त्यानं डॉक्टरचा हात शोधला आणि सगळा जोर लावून दाबला.

शकुबाई उठून उभी राहिली. तिनं गाठ ओढून पाहिली, ती ढिली होती. ती सोडून तिनं नीट घट्ट बांधली, नवऱ्याच्या नाकाला यावेळी हात लावला नाही, आणि विचारलं, "साहेब, जीप कुठी हाये?"