बोटभर रेघ

दुर्गाबाईंनी सुनीतीच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि कातळावर तांब्याभर पाणी ओतलं.

"आता बघ. कोरडा दगड कुणाशी बोलत न्हाई."

पाणी खाचांत उतरलं आणि आत आत जाणारं मोठं वेटोळं काळंभोर उमटलं. खराडीमागची ही टेकडी संगणकवाल्या कंपनीच्या रस्त्यासाठी फोडायची होती. कोरीवकाम जुनं ठरलं तरच रस्ता वळणार होता. ते ठरवायला सुनीती, ही पुरातत्त्वाची बाई, आली होती.

सुनीतीनं भिंग लावलं ते ऊन कलेपर्यंत मान वर केली नाही. शेजारी चहावर साय धरली. माणसाला नावं ठेवायला दुर्गाबाईंना कधी वेळ लागला नव्हता. आज मात्र त्या नुसत्या बघत होत्या. तांदूळ निवडणाऱ्या सासूनंतर अशी नजर त्यांनी पाहिली नव्हती.

"आजी, आतली वळणं टोचे मारून कोरलीत. फार जुनी आहेत. बाहेरचं वळण घासलेलं आहे, अलीकडचं. पोरांचा खोडसाळपणा असेल. नकाशातून वगळते."

शेजारी बसलेल्या त्यांच्या धाकट्या जावेनं, विमलाबाईंनी, दुर्गाबाईंना डोळ्यांनीच गप्प राहायची खूण केली.

"खोडसाळपणा?" दुर्गाबाई उसळल्या. "नवी सून आली की तिनं गारगोटीनं ही रेघ बोटभर पुढं न्यायची. गावातल्या पुरुषांनाबी ठावं न्हाई. हे बोटभर माझं. ते वाकडं हिचं."

"वाकडं काय, आक्का! हात कापत होता माझा."

"तो अजून कापतोय."

सुनीती हसली नाही. "हे लिहिलं तर कंपनीचे वकील म्हणतील, कातळ जुना नाहीच, बायका आजही कोरतात."

दुर्गाबाईंनी आपल्या बोटभर रेघेकडे पाहिलं. मग पदर सारखा केला.

"मग वगळ. आमच्यापायी कातळ नको जायला."

सुनीतीनं पेन्सिल उचलली आणि बाहेरचं वळण टोकापर्यंत काढलं.

"अजून थांबली नाही अशी रेघ मी कुठं पाहिली नाही. हेच लिहीन. वकिलांशी मी भांडेन. तुमच्या आधीचं बोटभर कुणाचं?"

दुर्गाबाई कातळापाशी खाली बसल्या.

"सासूचं. हिराबाईचं. तिच्या आधी प्रेमलाबाई. तिच्या आधी…"

पुढचं नाव आठवेना. बोट मात्र थांबलं नाही. ते रेघेवरून आत आत सरकत राहिलं, आणि कागदावर सुनीतीची पेन्सिल त्याच्या मागोमाग.