खोट्या जहाजावरचं धुणं

लढाईला तोंड लागलं तसं खरं जहाज गुपचूप निघून गेलं आणि त्याच्या जागी धक्क्याला हे खोटं येऊन उभं राहिलं. खाली जुनी पडाव-होडी, वर फळ्या आणि रंगवलेलं कापड, तोफा म्हणजे नुसते ओंडके. शत्रूचं विमान रोज वरून जहाजं मोजून जाई. त्याच्या मोजणीत एकही कमी पडू नये, एवढंच याचं काम. ते जितंजागतं दिसावं म्हणून दोन माणसं ठेवली होती, एक सुतार आणि दुसरा निवृत्तीतून परत बोलावलेला म्हातारा तांडेल, ज्याला सगळे मामा म्हणत. मामा सकाळी निशाण चढवी, धुराड्याखालच्या पिंपात तेलकट चिंध्या पेटवी आणि खलाशांचे चाळीस कोरे शर्ट पाण्यात बुचकळून दोरीवर घाली. संध्याकाळी ते उतरवून पेटीत ठेवी. अंगाला न लागलेले शर्ट रोज धुवायचे म्हणजे न रडणाऱ्या पोराला थोपटत बसायचं, असं सुतार म्हणे.

मामाला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. त्याचा मुलगा खऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत होता. जहाज कुठं आहे, आहे की नाही, हे विचारायचीसुद्धा बंदी होती. घरी बायकोनं विचारणं सोडलं होतं. वाढताना ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघे.

पंधराएक दिवसांनी एका संध्याकाळी शर्ट उतरवताना त्याला दोन-तीन कॉलरी मळलेल्या दिसल्या. धुरानं झालं असेल म्हणून त्यानं हुंगून पाहिलं, तर घामाचा वास. एका बाहीला तेलाचा काळा डाग. आपले डोळे गेले की डोकं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं तो शर्ट सुतारापुढे धरला.

"तेल? मामा, या फळकुटाला इंजिन कुठंय?" सुतार हसला. मग त्याला निरखून आजाऱ्याची समजूत काढावी तसं म्हणाला, "असेल हो."

पुढं हे रोजचंच झालं. मामानं वर कळवलं नाही. कपडे मळतात म्हणजे माणसं राबतायत, राबतायत म्हणजे आहेत, हे त्याच्या मनानं कधी धरलं ते त्यालाही कळलं नाही. पोरगा बरा आहे, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं. कुणी सांगितलं, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

एका मंगळवारी धक्क्याच्या पासावरच्या सहीसाठी मामाला दुपारभर कचेरीत ताटकळावं लागलं. परतला तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं पहिला शर्ट उतरवला, कॉलर कोरी. दुसरा, तिसरा, सगळे चाळीस त्यानं उलटसुलट करून पाहिले. शर्ट सकाळी दोरीवर टाकले तसेच, पांढरेशुभ्र होते. तो दोरीखालीच बसला. घरी गेल्यावर बायको तोंडाकडे बघणार होती.

थोड्या वेळानं तो उठला. एक शर्ट अंगात घालून त्यानं गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पिंपाच्या धगीशी वाकून उभा राहिला. मानेवरून घाम ओघळू लागला तेव्हा मागं पावलं वाजली. त्यानं वळून पाहिलं.

सुताराला काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. त्याच्या हातात मामाला घालायला दुसरा शर्ट होता.

"आज उशीर केलात, मामा. रोज दुपारीच घालता," तो म्हणाला.